तिसरी तुडवणी

९ जानेवारी, रविवार
कडाक्याची थंडी. रात्रीतून जमिनीत बर्फाच्या सुया उभ्या राहिल्या आणि त्यांनी गव्हाची रोपं मुळांसकट वर उचलली. ती परत मातीत दाबायला आज पहिली तुडवणी केलीच. हात पाठीमागे बांधायचे, बाजूला तोंड करून ओळीवरून एकेक पाऊल सरकायचं, सगळं वजन टाचेवर. बायको, हारुए, पलीकडच्या ओळीत. आईसुद्धा आली! ब्याऐंशी वर्षांची बाई, पण पाऊल अजून सरळ पडतं. आमची पोरगी चिझुरु मात्र नव्हती. तिचा व्हॉलीबॉलचा सराव, म्हणे रविवारीही असतो.

शेजारच्या तोकुजीने यंदा तुडवणीला रूळ आणलाय, बसून चालवतो. बांधावरून ओरडला, "काय रे, गहू तुडवतोयस की नाचतोयस?" मी लक्ष दिलं नाही. रुळाला काय कळतं पायाखाली काय आहे ते!

१७ जानेवारी
चिझुरुच्या दोन्ही हातांवर काळेनिळे डाग. मास्तर अगदी जवळून जोरात चेंडू मारतात, तो शंभर वेळा उचलायचा, चुकला की पुन्हा एकपासून. जेवताना म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं तिथे."

मी सांगितलं, "तुडवल्याशिवाय गहू उभा राहत नाही."

आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. वडील मला म्हणायचे, त्यांचे वडील त्यांना. चौदा वर्षांची पोर, आता नाही सोसणार तर कधी? हारुएने भाताच्या भांड्यावर झाकण आदळलं. तिला काही म्हणायचं असलं की भांडी बोलतात.

२५ जानेवारी
वारा. आकागी डोंगरावरून नुसती धूळ येतेय. तोंडात माती.

३ फेब्रुवारी
आज शेतकी खात्याचा माणूस सोसायटीत आला होता. तरुण आहे, पण बोलला मुद्द्याचं. झाडाला म्हणे दाब कळतो. वारा, पाऊल, काहीही असो, अंगावर जोर आला की आत एक वायू तयार होतो. मग रोप उंच जायचं थांबतं, बुंधा जाड करतं, मुळं खोल घालतं, जास्त फुटवे काढतं. न तुडवलेला गहू लांबुळका होतो आणि वसंतातल्या पहिल्या वादळात आडवा पडतो.

माझी छाती फुगली. आम्ही पिढ्यान् पिढ्या हेच करतोय आणि यांना आत्ता कळलं! घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं. चिझुरुने विचारलं, "पण कधीपर्यंत तुडवायचा?"

"कांडी धरेपर्यंत," मी म्हणालो. त्यानंतर ओंबी देठाच्या आत तयार व्हायला लागते, ते पोराटोरालाही ठाऊक असतं.

६ फेब्रुवारी
दुसरी तुडवणी झाली. रोपं कशी जमिनीला चिकटून बसलीत, बघून बरं वाटलं. चिझुरुच्या हातांवरचे डागही गेले. एकसुद्धा नाही! हारुएला म्हटलं, "बघ, घट्ट झाले की नाही हात?" ती म्हणाली, "हो, झाले." आणि मुळा चिरत राहिली. पोरगी पहाटे पावणेसहाला पिशवी घेऊन निघते, एक दिवस चुकत नाही. मनातून अभिमान वाटतो. तोंडावर बोललो नाही, डोक्यावर चढायची.

२० फेब्रुवारी
पाऊस. गेले आठ दिवस हेच. ओल्या मातीत पाय टाकला तर माती विटेसारखी होते आणि मूळ गुदमरतं. तिसरी तुडवणी राहिली. चिडचिड नुसती. तोकुजीची दोनातच आटोपली, तो निवांत!

६ मार्च, रविवार
माती वाळली एकदाची. ऊनही चांगलं. पूर्वेच्या तुकड्यात उतरलो. तोकुजी बांधावर आला. या वेळी चेष्टा नव्हती. "अरे, बस कर आता. हवा गरम झालीय. एक काडी चिरून बघ तरी."

"माझ्या बापाने तीन तुडवण्या कधी चुकवल्या नाहीत," मी म्हणालो.

"तुझा बाप काडी चिरून बघायचा," तो म्हणाला आणि गेला. माझं डोकं फिरलं. संध्याकाळपर्यंत सगळा तुकडा तुडवला.

७ मार्च
पिंढऱ्या भरून आल्यात.

११ मार्च
गहू उठत नाहीये.

पाती हिरवी आहेत, पण मधला देठ मान टाकून पडलाय. चाकू घेतला, एक काडी उभी चिरली. कांडं धरलेलं. त्याच्यावर ओंबी, तांदळाच्या कणीएवढी, ठेचलेली, तपकिरी. दुसरी चिरली. तिसरी. वीसेक चिरल्या असतील, चांगल्या निघाल्या फक्त चार.

तेच पाय, तेच वजन. जानेवारीत याच पायांनी गहू घट्ट झाला होता. खालून उशिरा फुटवे येतील थोडे, पण त्यांच्या ओंब्या आखूडच. पूर्वेचा तुकडा गेला म्हणायचा. घाई नव्हती, अडचण नव्हती. नुसता हट्ट. बांधावर बसून राहिलो. लाज वाटली, खूप वाटली. घरी कुणाला सांगितलं नाही.

१२ मार्च
पहाटे चिझुरु बूट बांधत होती. वाकलेली मान केवढी बारीक दिसली! काहीतरी बोलायचं होतं. "वारा आहे, मफलर घे," एवढंच तोंडून निघालं.

१३ मार्च
झोप नाही. उद्या सांगतो.

१४ मार्च
दारातच म्हणालो, "चिझुरु, आजपासून नको जाऊस. मास्तरांशी मी बोलतो."

तिने आईकडे पाहिलं. हारुए म्हणाली, "अहो, ती जानेवारीपासूनच जात नाहीये." पुढच्या दाराने निघायची, मागून वळसा घालून आजीच्या खोलीत जायची, शाळेची वेळ होईपर्यंत तिथेच बसायची. माझ्यापासून वीस पावलांवर. माझी आई तिला भाकऱ्या भाजून घालत होती.

मी म्हणालो, "मास्तरांना एवढी घाबरलीस?"

"तुम्ही ते गव्हाचं बोललात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांना येत नाही म्हणून सांगितलं, बाबा. ते बरं म्हणाले. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."