बफर मोकळा कोणी करायचा

३ मार्च, सोमवार
संकल्प: आजपासून डोकं शांत. कॉलेज सोडलं तेव्हाच ठरवलं होतं, पण त्या दिवशी प्राचार्यांशी भांडण चालू होतं.

तिकिटं छापणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा कोड, माझ्याकडे आलाय. सोपं काम. प्रत्येक संदेशासाठी मेमरीचा एक तुकडा घ्यायचा, त्याला बफर म्हणतात. भरायचा आणि प्रिंटरकडे ढकलायचा. वापरून झाल्यावर तो मोकळा करणं प्रिंटरच्या भागाचं काम. तो भाग मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचे सीनियर. शिकवत काही नाहीत, नुसते सुस्कारे टाकतात.

शुक्रवारी गिऱ्हाइकासमोर डेमो. पार पडला की मी कायम. कायम झालो की टेस्टिंगमधल्या तिला विचारणार.

४ मार्च
ती माझ्या टेबलाशी आली. स्वतःहून! म्हणाली, मशीन दुपारपर्यंत बरं चालतं, मग मुंगीच्या पावलानं, मग ठप्प. मेमरी गळतेय, बफर मोकळे न होता साठताहेत. कागद संपला की प्रिंटर संदेश घेत नाही, तुझ्याकडे परत पाठवतो, त्याचं तू काय करतोस? म्हटलं, काही नाही. नाकारलेल्या गोष्टीला मी हात लावत नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

काहीतरी आहे.

५ मार्च
पुन्हा आली. परत आलेला बफर तुझाच, तूच मोकळा करायचास, दोन ओळींचं काम आहे, म्हणाली. किती काळजी. पण आजच लिहिल्या तर उद्या ती कशाला येईल? नाही लिहिल्या.

आईने विचारलं, हल्ली रोज दाढी का. सांगितलं, डेमो आहे.

६ मार्च, सकाळ
आली नाही. मास्तरांकडे गेली. दोघं माझा कोड उघडून हसत होते. डोकं शांत.

संध्याकाळ
मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, याच्याकडे आलेला पाहुणा जातच नाही. म्हटलं, घ्या मग. दिसेल तो बफर मोकळा केला. परत आलेला, पुढे पाठवलेला, कुणाला सोडलं नाही. ती म्हणाली, पुढे दिलास तो तुझा राहिला नाही, तो मास्तरांचा कोड मोकळा करतो. तूही केलास तर मशीन आडवं होईल. शेवटी मास्तरांचीच बाजू. टेस्ट न करता तो कोड डेमोच्या मशीनमध्ये भरला.

७ मार्च
गिऱ्हाईक काकांनी बटण दाबलं. तिकीट अर्धं बाहेर आलं आणि मशीन गार. मी म्हटलं, वीज गेली. पंखा फिरत होता. काकांनी अर्धं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. आवडलं असावं.

तिने उभ्याउभ्या माझी एक ओळ पुसली. मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. मालकांनी मला सोमवारी बोलावलंय. आज गाजावाजा नको म्हणून असेल.

१० मार्च
ड्रायव्हर तिच्याकडे. कायमही तीच. मला महिनाभर टेस्टिंग, पुढचं पुढे बघू, म्हणाले. वाईट नाही. चुका दाखवायला आता रोज तिच्या टेबलाशी मीच जाणार.

११ मार्च
चूक सापडली नव्हती, तरी गेलो. ती मान वर न करता म्हणाली, सापडली की मेल कर.

दिवसभर मशीनसमोर बसलो. मुद्दाम कागद काढून घेतला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिकिटं येत राहिली. रिपोर्टमध्ये लिहिलं: दोष नाही.