गिनतीला बसलेला माणूस

बाबा, आज एका शेठने चार माणसांत माझं कौतुक केलं आणि मला तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होतात, तेव्हा तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाला पॅकिंगला लावून घेतलंत आणि पहिल्याच दिवशी घरी जेवायला आणलंत. आईने पिठलं केलं होतं. मी सातवीतली, महाआगाऊ. त्याच्या ताटासमोर बसून विचारलं, "काका, तुम्ही काय केलं होतं?" एरवी तुमचा आवाज कधी चढायचा नाही. त्या दिवशी चढला. "तो जेवतोय. विचारायचंच असेल तर भाकरी हवी का ते विचार." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता मी तेच काम करते, बाबा. सुटून आलेल्यांसाठी नोकऱ्या शोधत उल्हासनगरभर हिंडते. माझी जीभ तेव्हापासून फार चालते, ती शेठ लोकांशी हुज्जत घालायला कामी येते. तिथल्या कॅम्प भागातल्या एका जीन्सच्या कारखान्यात असाच एकजण शिलाईला लागला. नऊ वर्षं आत शिवणकाम केलेला, हात अगदी सफाईदार. तो कुठून आलाय हे शेठला माहीत होतं, कारागिरांना नव्हतं. आठवड्याने मी बघायला गेले तर चहाची वेळ. किती कप सांगायचे म्हणून शेठ बोटाने माणसं मोजू लागतो, "एक, दो, तीन..." आणि हा मशीनवरून उठून, मान खाली घालून जमिनीवर उकिडवा बसतो. तुरुंगात रोज गिनतीला असंच बसवतात, दोघादोघांच्या जोडीने. सगळी मशीनं थांबली. चूक त्याच्याही लक्षात आली, पण बिचाऱ्याला उठता येईना. मी म्हटलं, गेली नोकरी. तेवढ्यात म्हातारा कटिंग मास्तर कात्री खाली ठेवून, गुडघे धरत त्याच्या शेजारी येऊन बसला. "सेठ, हमारी जोडी हो गई. आगे गिनो." मास्तर कधी आत होता का, मी विचारलं नाही. एवढं तरी तुमच्याकडून शिकले. पण डोळे भरून आले माझे.

शेठने मला बाहेर बोलावलं. "दीदी, अब सबको पता चल गया. सच बोलो, आप अपने घर में आने दोगी इसको?" मी तडक म्हणाले, "क्यों नहीं? जरूर आने दूंगी." तेवढ्या शब्दावर शेठने त्याला ठेवून घेतलं. आज तीच गोष्ट तो सगळ्यांना सांगत होता.

गेल्या रविवारी तो शिलाईवाला बदलापूरला आमच्याकडे आला होता, कामावर पक्का झाल्याचे पेढे घेऊन. मी घरात एकटीच होते. आतलं दार उघडलं, सेफ्टी डोअर नाही उघडलं. जाळीतूनच हसले, जाळीतूनच चौकशी केली. पेढ्यांचा खोका जाळीतून आत येईना, तेव्हा त्याने तो दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर ठेवला. "ताई, सावकाश घ्या, घाई नाही," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तुम्ही असतात तर हे पत्र मी तुम्हाला दिलं नसतं. त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, सेफ्टी डोअरची किल्ली सापडत नव्हती. किल्ली कुलपालाच होती, बाबा.