जास्वंदीवरचा पांढरा किडा

महाळुंगे, मंगळवार

खोलीच्या मालकीणकाकूंनी आज सांगून टाकलं. "महिनाअखेर खोली मोकळी कर. कंपनीचे सायेब येत्यात ऱ्हायला." बस, एवढंच.

त्यांची सोनाली आकुर्डीला कॉलेजात शिकते. ती जास्वंदीवरचे पांढरे किडे पुसत होती. मी उगाच तिथंच उभा, तर म्हणाली, "दादा, यांच्या पोटात जंतू राहतात. आधी दुसरेही राहायचे. त्यांची थोडी जनुकं किड्याच्याच पेशीत मिसळली. आता ती पिल्लांनाही मिळतात. त्यांच्यावाचून किड्याचं चालत नाही."

"आणि ते आधीचे जंतू?"

"ते कधीच संपले. कामाचं तेवढं किड्यानं ठेवलं."

हसून म्हणाली. मुद्दाम म्हणाली का? नसेल.

काकूंच्या खानावळीत आधी आमटी म्हणजे पिवळं पाणी. माझ्या आईनं गावाहून येसराचं, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ पाठवलं, कसं भाजायचं ते काकूंना फोनवर शिकवलं. आता बाहेर पाटीच लावलीय, 'घरची येसर आमटी'. आई गेली हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "बरं झालं बाई, आदीच शिकून घेतलं."

आज जेवताना एक नवा पोरगा म्हणाला, "काकू, काय चव आहे राव तुमच्या हाताला!"

काकू लाजल्या. "आमच्या घराण्यातच हाय ती."

मला तो पांढरा किडाच दिसायला लागला. भांडायचं होतं. पण आईची आमटी आता जगात या एकाच घरात होते. वाटी पुढं केली.

काकूंनी ती अर्धीच भरली.