पिशवीच्या गॅसवरची भाकर

पोळ्याचा दुसरा दिवस, दिवेलागण

लिही सुमे. पेन घरभर शोधू नको, तुझ्याच कानावर हाय. अशी विसराळू नात, म्हणून आजीची रोजनिशी मागं पडती.

शेजारच्या घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी आजबी भाकर परत धाडली. ताटलीवरचं फडकंसुद्धा सोडलं नाय. तुझ्या बापानं शेततळ्याच्या उरल्या प्लास्टिकच्या कागदाची पिशवी करून शेणाचा गॅस केला, तवर त्या कौतुक करायच्या. संडासाचा पाईप त्यात जोडला, आन् बिनसलं. "त्या पिशवीत काय जातंय, ठावं हाय मला," म्हणाल्या. आता गॅस तर जळून जातो, भाकरीत काय उतरणार? पण त्यांना दिसत नाय, चूल पेटवता येत नाय, नुसत्या मुरमुऱ्यांवर हायेत. ते न सोडलेलं फडकं डोळ्यापुढून हलत नाय. माझंच खरं करत बसू का मी?

तू म्हणतीस, चुलीवरची म्हणून सांगू. नको. न दिसणाऱ्या माणसाला फसवायचं नाय.

उद्या अंगणात तीन दगड मांडून जाळ कर. बाजरीची भाकर त्यावरच भाज आन् लसणाच्या चटणीसंगं धाड. भाकरीची राख झटकू नको. त्यांच्या बोटाला लागू दे.