अंगठा थांबला ती जागा

मंगळवार, १२ नोव्हेंबर. नोव्हाय, अमेरिका.

आईचा रिपोर्ट आला. मणक्यात गाठ आहे, पसरलेली.

मला सारखा तो अंगठा आठवतोय. महिन्यापूर्वी आईची कंबर धरली म्हणून तिला चिनी मसाजवाल्या मावशींकडे नेलं. अंगातली ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, अडली की दुखतं, ती मोकळी करायची, असं त्या सांगायच्या. तिसऱ्या वेळी कमरेपाशी त्यांचा अंगठा थांबला. पुन्हा दाबलाच नाही. मला म्हणाल्या, “नो मसाज. डॉक्टर. क्विक.”

आईने पालथं पडूनच विचारलं, “काय म्हणतायत गं?”

“म्हणतायत, बरं वाटेल. अजून दोनदा येऊ.”

का बोलले मी असं? तिला घाबरवायचं नव्हतं म्हणून? खोटं. ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर होतं, डॉक्टरकडच्या फेऱ्या मला नको होत्या. तो थांबलेला अंगठा मी डोळ्यांनी पाहिला होता.

आज संध्याकाळी आईला सगळं कबूल केलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अगं, ‘डॉक्टर’ एवढं मलाही कळतं. तुझं काम चाललं होतं ना, म्हणून बोलले नाही.”