लिटरला दहा

प्रिय बेरेंट,

हे 'प्रिय' केवळ सवयीनं लिहिलंय, त्यावरून कसलेही अंदाज बांधू नकोस. मी अजून रागावलेली आहे. तू रोज संध्याकाळी फोन करतोस आणि सांगतोस की तिकडे फ्रान्सात, आर्देशच्या तळावर, वारा उत्तरेचा आहे, तंबूच्या दोऱ्या नीट ताणलेल्या आहेत, नदीला पाणी कमी आहे. मी इकडे ओमेनच्या आपल्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी असते, की आता बोलेल, आता बोलेल. तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून लिहायला बसले. पत्राला मध्येच तोडून वाऱ्याची दिशा सांगता येत नाही. काल मिर्टानं कॅनडातून सरळच विचारलं, "आई, तू बाबांना सोडतेयस का?" मुलीशी मी खोटं बोलत नाही. म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

तुझ्या लेखी ती एक छोटीशी चूक असेल. सुट्टीला जाताना, लाँग्रजवळच्या थांब्यावर मी टॉयलेटला गेले. जेवण झालं की मी मागच्या सीटवर दुलई ओढून आडवी होते आणि तू मागे न बघता गाडी काढतोस, हे आपलं वर्षानुवर्षं चालत आलेलं. या खेपेला तू दुलईच्या ढिगाऱ्यालाच बायको समजलास. मी बाहेर आले तेव्हा आपली गाडी, मागे कॅरॅव्हॅनचं ते चाकांवरचं घर ओढत, हमरस्त्याला लागत होती. हात हलवत धावले, ओरडले. पायात घरातल्या सपाता, पर्स गाडीत, फोन गाडीत. तिथल्या सफाईवाल्या बाईनं आधी माझ्या सपातांकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण नवऱ्यांबद्दल बोलण्याचा सूर सगळीकडे एकच असतो. तिनं आपल्या डब्यातला अर्धा पाव मला दिला. अख्खी दुपार मी तिच्या बादलीशेजारी बाकावर काढली.

तू दिजाँपर्यंत पोचलास, मग वळलास आणि परत आलास. ताशी ऐंशीनं! नाही म्हणू नकोस, मी वाटेकडे डोळे लावूनच बसले होते. तू एका मोठ्या ट्रकच्या पाठीला चिकटून आलास. बायको परक्या मुलखात सपाता घालून बसलीय आणि हा माणूस ट्रकच्या आडोशानं वारा चुकवत डिझेल वाचवतोय! बरं, उतरल्यावर तरी काही बोलशील. चेहरा पांढराफटक, आणि तोंडातून निघालं काय, तर "लिटरला दहा पडलं, अलीदा. सांगायला मागे वळलो, तर तू नाहीस." मी पर्स उचलली आणि सरळ पलीकडच्या बाजूला, आपल्याच देशात परत निघालेल्या देव्हेंटरच्या एका जोडप्याकडे गेले. तो गृहस्थ म्हणाला, "बसा बाई. आमच्या मागे काही ओढायचं नाही, गाडीला काय प्यायचंय ते पिऊ दे." एकशेतीसनं नेलं त्यांनी मला. खिडकी उघडी, थंड हवेचं बटण चालू, दोन्ही एकदम! मी पहिला तासभर रडले आणि नंतर मला, खरं सांगते, मजा आली.

कारण तुझ्याबरोबर मजा कसली? निघायच्या आदल्या दिवशी तो वजनकाटा बोळात येतो आणि घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यावर चढते. माझा बुटांचा दुसरा जोड खाली उतरतो. माझं शिवणाचं मशीन तर तू हात लावूनच नापास केलंस. पाण्याची टाकी थेंबन् थेंब रिकामी करायची, कारण पाणी फ्रान्सातही मिळतं. पण बटाट्यांचं पोतं मात्र जाणार! फ्रेंच बटाट्यांवर भरवसा नाही, म्हणून आपल्या शेजाऱ्याच्या शेतातले पंचवीस किलो बटाटे हजार किलोमीटर ओढायचे, त्यांना काटा माफ. खिडक्या बंद, थंड हवा बंद, लक्झेंबर्गच्या स्वस्त पंपापर्यंत कुणी थांबायचं नाव काढायचं नाही. टायरमध्ये हवा दिवसातून दोनदा बघायची. आणि मला गाडी द्यायची नाही, कारण "तुझा पाय जड आहे." अरे, मी बटाटेवाल्याची मुलगी. तुझ्या हातात सायकल होती तेव्हा मी वडिलांचा ट्रेलर मागे घेत अंगणात लावत होते. ओढगाडीचा परवाना माझ्याकडे आहे तो तुझ्याआधीचा.

आणि त्या दहाचं खरं ऐक आता. दरवर्षी आपलं आठ पडतं, एखादवेळी नऊ. मी उतरल्यामुळे दहा पडलं असं तुझ्या मनात आलं असेल तर तेही डोक्यातून काढ. एकाहत्तर किलोनं एवढ्या मोठ्या धुडाचं अ‍ॅव्हरेज बदलत नाही. कॅरॅव्हॅनला खातो तो समोरचा वारा, वजन नव्हे. वजनकाटा मांडून वर हेही तूच आयुष्यभर मला ऐकवलंस. त्या दिवशी वारा पाठीमागून होता आणि लाँग्रपासून दिजाँपर्यंत सगळा उतार. माझ्या नसण्याचा त्यात काडीचा हात नाही. हे मी कागदावर मांडून बघितलं, हो, बघितलं! नवऱ्याला आपण किती जड झालो याचा हिशोब करत बसले होते मी, या वयात. यासाठी तुला मी कधी माफ करीन माहीत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मिर्टा कॅनडाला गेली, त्या उन्हाळ्यात तू म्हणालास, "एकसष्ट किलो कमी झाले. शिवाय तिची ती पुस्तकांची पिशवी." मी तुझ्याशी बेल्जियम संपेपर्यंत बोलले नाही. मग पिम गेला. चौदा वर्षांचा कुत्रा, तुझ्या पायाशी झोपणारा. डॉक्टरकडून त्याचा नुसता पट्टा घेऊन आलास आणि म्हणालास, "बत्तीस किलो." आणि गॅरेजमध्ये गेलास. मी कॉफी घेऊन आले तर तू कॅरॅव्हॅनच्या हुकाला ग्रीस लावत होतास आणि नाकातून पाणी गळत होतं. मी कप ठेवला आणि मागे फिरले. तेव्हापासून मला कळतं की तुझ्याकडे दुःखासाठी दुसरा शब्दच नाही, फक्त किलो आहेत. मला कळतं, म्हणून तुझं भागतं. तू किलो बोलायचं आणि मी त्याची माणसांच्या भाषेत फोड करून घ्यायची, पोरीला समजावायचं, "बाबांना तसं म्हणायचं नव्हतं गं." कंटाळले मी. थांब्यावर उभी होते तेव्हा मला फोड करायची नव्हती. मला ऐकायचं होतं, सरळ, "अलीदा, मी घाबरलो." एवढे तीन शब्द. त्यांना कुठला काटा लागतो?

खरं तर हे पत्र मी लिहिणार नव्हते. वकिलीणबाईंची वेळ घेतली होती मी, ते तुला कुणी सांगितलं नसेल. पण आज सकाळी तुझ्या शेजारच्या तंबूतल्या रीनीचा फोन आला. म्हणाली, "अगं, तुझ्या बेरेंटला झालंय काय? मागच्या सीटवर पाण्याचे कॅन भरून ठेवलेत, पट्टा लावून! बाजारात गेला तरी तसाच जातो. मी विचारलं तर म्हणतो, रिकामी सीट असली की गाडी नीट चालत नाही." मी म्हटलं, किती कॅन? ती म्हणाली, चार. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तुला इतक्या शिव्या दिल्या की खिडकीतला पक्षी उडाला. टाकीतला थेंबही बरोबर न नेणारा माणूस! मग वकिलीणबाईंना कळवलं की आज जमणार नाही. शनिवारी दुपारी मी तिकडे, तुझ्याजवळच्या व्हॅलान्सच्या स्टेशनावर उतरते आहे. घ्यायला ये, आणि जोरात ये. परतताना गाडी मी चालवणार, खिडक्या उघड्या, वेग माझ्या मनाचा. तू मागे दुलई घेऊन पडायचंस आणि तोंडानं एकही आकडा काढायचा नाहीस, बाकी काहीही बोल. लाँग्रच्या थांब्यावर मी थांबवीन. उतरायचं की नाही ते तू ठरव. आणि ते पाणी आधी ओतून टाक. वीस-वीस लिटरचे चार म्हणजे ऐंशी किलो होतात. मी एकाहत्तर आहे, बेरेंट.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
अलीदा