बावीस कुकरच्या शिट्ट्या

प्रिय सुमीत,

गुरुवार, २४ एप्रिल २०२५, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. वर्ध्याच्या दुकानात बसून एका बॅनरचा मजकूर तपासत होतो. लाईट गेली आहे, फ्लेक्सचं मशीन कुणाच्या तरी वाढदिवसावर अर्ध्यात थांबलं आहे, मालक जेवायला गेले आहेत. हातातल्या मजकुरात तीन शब्द चुकले होते, ते पेनाने सुधारले. बॅनर कुणाचा ते पुढे लिहितो. तुझे पाच फोन येऊन गेले. फोनवर तू हसवतोस आणि मी हो हो म्हणून ठेवून देतो. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तू सोमवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलास, तेव्हा तुझ्यासाठी तो रविवार संपला. माझा संपत नाही. आपला रजत ट्रॅक्टरवरून पडला, सावंगीच्या दवाखान्यात त्याच्या पायात रॉड टाकला. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पण पुढची औषधं, वॉकर, दर आठवड्याचं गाडीभाडं हे त्याच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या, अंगणवाडीतल्या मानधनात बसणारं नव्हतं. आपल्या मंडळाच्या बैठकीत तू म्हणालास, "वर्गणी मागितली तं लोक दार लावतेत, केक दिला तं उघडतेत." सगळे हसले आणि ठरलं. गावातून बावीस कुकर जमवले. त्यात तळाला वाळू टाकायची, शिट्टी काढून ठेवायची आणि केक भाजायचे.

कुठे चुकलं ते मला आता नीट कळतं. आपण भंडाऱ्याच्या, गावजेवणाच्या स्वयंपाकाची माणसं. सगळं एकदाच कालवायचं आणि मग पंगती उठवत राहायच्या. तू सकाळीच बावीस केकचं मिश्रण सोडा घालून एका घमेल्यात कालवायला लावलंस, आणि शेगड्या होत्या चार. पहिले चार केक छान फुगले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचं मिश्रण मंडपात पाळीची वाट पाहत बसलं. एप्रिलच्या त्या उन्हात सोड्यात जीव किती राहणार? दुपारी कुकरमधून केकऐवजी जाड भाकरी निघायला लागल्या. कूपन घेतलेले लोक तुकडा खुर्चीवर आपटून पाहत होते. तुझ्या जयाकाकू म्हणाल्या ते तुलाही ऐकू गेलं असेल, "गाईले टाकजो बाप्पा, पण आधी तिले विचारजो."

माझीही एक चूक झाली. कुकरच्या झाकणांवर मी घरोघरची नावं चिकटवली होती, एकही अक्षर चुकू न देता. शिट्ट्या मात्र काढून एकाच पिशवीत टाकल्या. केकला शिट्टी लागत नाही हे तू दाखवलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं. सोमवारी वरणाला लागते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग तू माईक घेतलास. पहिल्या चारांपैकी तीन केक चव दाखवण्यात संपले होते, एक उरला होता, चेऱ्या लावलेला. त्याचा लिलाव पुकारण्याआधी तू मला मंडपामागे नेलंस. "पाचशे-पाचशेनं वाढवत राह्य. बबनराव सोडत नाई. त्याले जिल्हा परिषदेचं तिकीट पायजे, म्हणून माईकवर नाव पायजे." मी विचारलं, आणि बियाणं-खताचं दुकान चालवणारा माणूस हिशोबाने थांबला तर? तू म्हणालास, "काऊन थांबन?"

ते साडेदहा हजारांवर थांबले. मी अकरा म्हटलं होतं. त्यांनी चौफेर पाहून हात जोडले. "घे बाप्पा. पोट्ट्याचं मन मोठं आहे, आपण मधी काऊन याव?" तू माईकवर 'श्रीनिवास' हे माझं नाव तीनदा पुकारलंस. तिसऱ्यांदा तुझा चेहरा पडला होता. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे माझ्याकडे पाहत होते.

सोमवारी मी मंडळाच्या धीरजला खरं काय ते सांगणारच होतो. पण सकाळी सहापासून दाराशी बाया उभ्या, शिट्टीसाठी. मी पिशवी घेऊन घरोघर निघालो. प्रत्येक घरी कुकर खाली काढायचा, चार-पाच शिट्ट्या लावून पाहायच्या, आणि तेवढा वेळ ते घर माझं कौतुक करणार. चहा झाला की पुन्हा चहा. एका आजीने माझी दृष्ट काढली. चौकातली पोरं मला आता "अकरा हजार" म्हणूनच हाक मारतात. बाबांचं तर काय सांगू. ग्रामपंचायतीत चपराशी म्हणून सगळ्यांना पाणी देण्यात त्यांची नोकरी संपली. आता पानठेल्यावर त्यांना कुणीतरी खुर्ची दिली, ते घरी येऊन दोनदा म्हणाले, "खुर्ची देल्ली मले." त्यानंतर मी त्यांच्यासमोर जेवायला बसणं टाळतो. सकाळी लवकर दुकानात येतो, संध्याकाळी उशिरा जातो, शेताकडच्या वाटेने.

केक जयाकाकूंच्या फ्रीजमध्ये आहे, दुधाच्या पातेल्यावर ताट आणि ताटात केक. लाईट जाते, येते. वरची क्रीम एका बाजूला कलली आहे. काकू विचारतात, "कवा कापतं रे? मले दही ठेवाले जागा नाई." कापला म्हणजे बोली मान्य केली. नाही कापला तर सडेल आणि मग गाव विचारेल, का नाही कापला. सुमीत, पुण्यासाठी साठवलेले आठ हजार माझ्याकडे आहेत. तुझ्या ओळखीच्या प्रेसमधली जागा, खोलीतली कॉट, एक तारखेची गाडी, सगळं त्या आठ हजारांत आहे. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी दुसऱ्यांचे वाढदिवस तपासतो आहे. अक्षरं जुळवण्याचं खरं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं.

मंगळवारी मनकर्णाबाईंकडे गेलो. वाक्य पाठ केलं होतं. काकू, ती बोली खरी नव्हती. त्यांच्या कुकरला एकही शिट्टी नीट बसेना, म्हणून मी खाली मान घालून बसवतच राहिलो, आणि त्या बोलायला लागल्या. "पोरगं चार दिवस धड जेवलं नाई. मी सांगतलं, पैसे जमले. तं म्हणे, कोणाचे? बबनरावचे असन तं नको. जनमभर त्याचा झेंडा धरा लागन. म्हटलं, नाई रे, श्रीन्याचे. तवा उठून बसला. म्हणे, श्रीन्याचे तं मी फेडून टाकीन, त्याची काई भीती नाई." मग त्यांनी माझ्या हातातली शिट्टी घेऊन ओट्यावर ठेवली. "राहू दे. कोणाची बी चालते." माझं पाठ केलेलं वाक्य तसंच परत घेऊन आलो.

आणि काल बबनराव दुकानात आले. मालकांसमोर काही बोलले नाहीत, मला बाहेर रसवंतीवर नेलं. "पोरा, मले समजते सगळं. सुमीतनं तुले झाडावर चढवलं अन् शिडी घेऊन पयाला. तुले पुण्याले जायचं आहे ना? जाय. साडेदहा मी देतो. फक्त चौकात एक बॅनर लावू." मी लगेच नाही म्हणालो नाही. खरं सांगतो, उसाचा रस घशाखाली उतरताना मला गाडीची खिडकी दिसली. मी म्हटलं, उद्या सांगतो.

तोच बॅनर, मी हो म्हणण्याआधीच आलेला, आज दुपारपासून माझ्यासमोर आहे. डावीकडे बबनरावांचे जोडलेले हात. उजवीकडे रजत, पाय टांगलेला, डोळे मिटलेले. तो झोपेत असताना फोटो काढला आहे, आठ फूट बाय दहा फूट छापायचा. "उपचारासाठी" हा शब्द चुकला होता, तो मी सुधारला. सुधारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करतो आहे.

पावणेपाच. मध्ये पत्र पालथं ठेवलं होतं. लाईट आली आणि पाठोपाठ बबनराव आले. मालक जेवून परतले होते, त्यांच्यासमोरच विचारलं, छापलं का? मी म्हटलं, "नाही काका. केक माझा आहे." त्यांनी विचारलं, "मंग पुण्याले काय नेतं? केक?" जाता जाता मालकांना म्हणाले, "पोट्टं हुशार आहे, पण त्याचा उपयोग काय?" मालक मशीन सुरू करत होते.

आता पत्र का लिहिलं ते. एक तारखेला मी येत नाही. माझी कॉट दुसऱ्या कुणाला दे आणि प्रेसवाल्यांना सांग, जागा अडवून ठेवू नका. आणि तू प्रत्येक फोनवर म्हणतोस ना, "मी धीरजले सांगून देतो, तुई गलती नाई, मीच बोली बोलाले लावलं होतं," ते सांगू नको. आज नको, आणि पुढे दहा वर्षांनी रजतसोबत बसून हसायची वेळ आली तरी नको. तू सांगितलंस तर मी सुटेन, पण रजत बबनरावांच्या बॅनरखाली जाईल. मला काही मोठेपणा आला आहे असं समजू नको. आजही शेताकडच्या वाटेनेच घरी जाणार आहे. उद्या रजतला दवाखान्यातून सुट्टी मिळते. त्याच्या अंगणात केक कापू, आंबला नसेल तर. तू फोन करशील तेव्हा फक्त इतकंच विचार, केक कसा होता.

तुझाच, गावातला
श्रीनिवास

ता. क. हिशोब लिहून ठेवतो.
केकच्या साहित्याचा खर्च ३,२४०. विक्री १,८५०. तूट १,३९०.
बोली ११,०००. त्यातून तूट भागवून मनकर्णाबाईंना उद्या द्यायचे ९,६१०.
बोलीसाठी माझे ८,०००, मालकांकडून उचल ३,०००. पगारातून दरमहा हजार कापतील.
शिट्ट्या : एकोणीस बसल्या, एक न बसता ठेवून घेतली, दोन माझ्याकडे.
तुला देणे : तू भरलेल्या कॉटच्या डिपॉझिटचे २,५००. दिवाळीच्या आत पाठवतो.